मराठी माध्यम, एमए बीएड. थायलंड-व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला घेतात का? एजंट १ लाख ६० हजार मागतोय

वारणाकाठ_२९

नमस्कार सगळ्यांना. मी सांगली जिल्ह्यातली, वय २९, दहावीपर्यंत झेडपी आणि हायस्कूल मराठी माध्यम, बारावी आर्ट्स, शिवाजी युनिव्हर्सिटीतून इंग्रजी घेऊन बीए-एमए आणि मग बीएड. गेली पाच वर्षं दोन वेगवेगळ्या शाळांत तासिका तत्त्वावर शिकवतेय, हातात महिन्याला आठ-नऊ हजार येतात आणि मे महिन्यात तेही नाही. टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी (टीईटी नव्हे), २०१७ नंतर डायरेक्ट २०२३ ला झाली, तेव्हा दिली, सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्रेफरन्स भरले, माझ्या विषयाच्या माझ्या कॅटेगरीच्या जागाच मोजक्या होत्या, राहिलं. आता घरचे म्हणतात लग्न कर, आणि मला खरंच शिकवायचंय हो, वर्गात उभं राहिलं की दुसरं काही आठवत नाही मला.

माझी एक मैत्रीण म्हणाली की थायलंड, व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला भारतातून लोक जातात. पुण्यातल्या एका कन्सल्टंटशी बोलले. तो म्हणतो १ लाख ६० हजार भरा, त्यात १२० तासांचं ऑनलाईन टीईएफएल (परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट, थायलंडमधल्या शाळेत नोकरीची गॅरंटी, आणि जाताना टुरिस्ट म्हणून जायचं, व्हिसाशिवाय एन्ट्री आहेच, तिथे गेल्यावर व्हिसा कन्व्हर्ट होतो. सात दिवसांत अर्धे पैसे भरले तर डिस्काउंट. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढायची तयारी दाखवलीय म्हणून जास्त भीती वाटतेय.

प्रश्न असे की (१) जाहिरातीत सगळीकडे नेटिव्ह स्पीकर, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले, असं लिहिलेलं असतं, मग आपल्याला घेतात का खरंच, (२) मराठी माध्यम असल्याने अडतं का, (३) तयारी नक्की कशाची करायची, कोर्स की कागदपत्रं की अजून काही. जे स्वतः तिकडे शिकवतात त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

इसानमधला_मास्तर

ताई आधी एक काम करा, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केनजवळ एका सरकारी शाळेत पाचवं वर्ष चालू आहे. टुरिस्ट म्हणून उतरून व्हिसा बदलून घेतलेले लोक आहेत, नाही असं नाही, पण वर्क परमिट हातात पडेपर्यंत वर्गात शिकवणं इथे बेकायदा आहे आणि पकडलं तर दंड आणि देशाबाहेर रवानगी तुमची होते, एजंटची नाही. सरळ रस्ता असा की शाळा आधी तुम्हाला पत्र देते, त्यावर भारतातूनच नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा, व्हिसा घ्यायचा, इथे आल्यावर वर्क परमिट, मग व्हिसा वर्षभरासाठी वाढवून मिळतो आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. जी शाळा म्हणते कागद नंतर बघू, तिथे जायचं नाही. आणि ही भीती उगाच नाही, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर सूचना काढली होती, थायलंडमध्ये नोकरी म्हणून पोरांना बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडीला नेऊन ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला जुंपत होते. त्या नोकऱ्या आयटीच्या नावाखाली होत्या, शिक्षकांच्या नव्हत्या, पण एन्ट्रीची पद्धत हीच, टुरिस्ट म्हणून या, बाकी आम्ही बघतो. एजंटचं नाव आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का बघा, तिथे यादी आहे.

आता नेटिव्हचं. खरं सांगतो, दुजाभाव आहे. माझ्याच शाळेत एक ब्रिटिश मुलगा आहे, बीए झालेला, शिकवण्याचा अनुभव शून्य, त्याला ३५ हजार बाथ आणि मला सुरुवातीला २३ हजार होते, आता २७ आहेत. पहिलं वर्ष फार लागलं मनाला ते. पण फिलिपिनो शिक्षक इथे हजारोंनी आहेत, तेही नॉन-नेटिव्हच, त्यामुळे आपल्यासाठी दार बंद नाही, खालच्या पगाराच्या दारातून शिरायचं एवढंच. बाथ साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा, खोलीभाडं गावाकडे चार-साडेचार हजार बाथ, खाणं स्वस्त, घरी पैसे पाठवून थोडे शिल्लक पडतात.

तुमच्याकडे बीएड आहे हे त्या कन्सल्टंटने तुम्हाला नीट सांगितलंच नसणार, कारण मग त्याचा कोर्स विकला जात नाही. इथे ख्रुसफा म्हणून शिक्षक परिषद आहे, तिचं लायसन्स लागतं. शिक्षणशास्त्राची डिग्री नसलेल्यांसाठी शाळेला २ वर्षांची तात्पुरती परवानगी काढावी लागते, मग पुन्हा मुदतवाढ, तो त्रास शाळांना नको असतो. बीएडवाल्याचा लायसन्सचा रस्ता सरळ असतो. नॉन-नेटिव्ह म्हणून इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोर मागतात, मला टोईकचा ६०० मागितला होता, एमए इंग्रजी झालेल्याला तो अवघड नाही. मराठी माध्यम होतं का असं मला आजपर्यंत इथे कुणी विचारलेलं नाही.

अर्ज कधी करायचा ते पण महत्त्वाचं. शाळा मे महिन्याच्या मध्यात सुरू होते, ऑक्टोबरात सुट्टी, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दुसरं सत्र. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल भरती जोरात असते आणि थोडी ऑक्टोबरला.

वारणाकाठ_२९

सर खूप खूप आभार, वडिलांना आत्ता वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या सरांना नमस्कार सांग. एक विचारू का, एकटी मुलगी म्हणून तिकडे कसं वाटेल? आणि मी शाकाहारी आहे, म्हणजे अंडं चालतं.

हायफाँगवाली

हे मी सांगते, कारण मी एकटीच आले होते. मी व्हिएतनामला हायफाँगमध्ये आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, मूळ नाशिकची. सुरक्षिततेचं म्हणशील तर रात्री साडेनऊला मी शिकवते ते भाषा सेंटर सुटल्यावर स्कूटीवर घरी जाते, आजपर्यंत भीती वाटली नाही. एकटेपणा मात्र आहे, त्याची तयारी कर. पहिल्या पावसाळ्यात मी रोज आईला व्हिडिओ कॉल लावून नुसती बसायचे, बोलायला काही नसायचं तरी.

व्हिएतनाममध्ये भाषा सेंटरचा नियम असा आहे की नेटिव्ह असेल तर पदवी आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट पुरतं, नॉन-नेटिव्हने एकतर भाषा शिकवण्याची किंवा त्या भाषेची डिग्री दाखवायची, नाहीतर दुसऱ्या विषयाची डिग्री, टीचिंग सर्टिफिकेट आणि भाषेच्या सी-१, म्हणजे प्रगत लेव्हलचा दाखला असं तिन्ही. माझी डिग्री कॉमर्सची म्हणून मला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. तुझं बीए-एमए इंग्रजीत आहे म्हणजे तू माझ्यापेक्षा पुढे आहेस. काम संध्याकाळचं आणि शनिवार-रविवार दिवसभर, कारण मुलं शाळा सुटल्यावर येतात, आपल्याकडच्या क्लासेससारखंच. माझ्या दोन्ही बॅचेस १६-१८ मुलांच्या आहेत, आपल्याकडच्या मोठ्या वर्गांनंतर तुला ते फार सुखाचं वाटेल.

पण मला सगळ्यात जास्त कागदांनी रडवलंय म्हणून त्यावर सविस्तर लिहिते, हे नीट वाच. माझ्या मार्कशीटवर आपल्या पद्धतीने आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्ट लग्नानंतर काढला म्हणून तिथे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव (नंतर आम्ही वेगळे झालो, तो विषय इथे नको). तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. गॅझेटमध्ये नावबदल, मॅरेज सर्टिफिकेट, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट, या सगळ्यात माझे चार महिने गेले. तू अजून लग्न केलेलं नाहीस तर पासपोर्ट आणि डिग्रीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघ, स्पेलिंगसकट. इंग्रजी एक एस कमी असला तरी अडतं.

दुसरं म्हणजे प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालत नाही, कॉन्व्होकेशनची मूळ डिग्री लागते. आपल्याकडे कितीतरी जणांनी ती कधी काढलेलीच नसते. मग डिग्रीवर मंत्रालयातून राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का. मी केलं तेव्हा व्हिएतनामला नुसतं अपोस्टील (बऱ्याच देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) चालत नव्हतं, दूतावासाचं लीगलायझेशनच लागलं, त्यामुळे अर्ज करताना तुझ्या देशाला काय लागतं ते त्यांच्याच दूतावासाच्या साईटवर बघ, कुणाच्या व्हॉट्सॲपवर नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवावरून निघतं, फी ५०० रुपये, पण ते सगळ्यात शेवटी काढ, कारण त्याची मुदत संपते आणि मग पुन्हा सगळे शिक्के.

आणि अनुभवाचा दाखला! तासिका तत्त्वावर असलीस तरी पाच वर्षांचा अनुभव हा अनुभवच आहे. मला पहिल्या सेंटरने परमिटचा अर्ज करतो करतो म्हणून दोन महिने लटकवलं, शेवटी कळलं की त्यांनी फाईल दिलीच नव्हती. दुसरीकडे गेले तर त्यांनी पहिल्याच दिवशी अनुभवाचं पत्र मागितलं, माझ्याकडे शाळेने दिलेला साध्या कागदावरचा मजकूर होता, ना लेटरहेड ना जावक क्रमांक. तो कुणी धरला नाही.

शाकाहारी म्हणशील तर इथे "आन चाय" म्हटलं की कळतं, बौद्ध लोक पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार करतात म्हणून तशी छोटी हॉटेलं असतात. फिश सॉस मात्र विचारून घ्यायचं, भाजीतही घालतात.

इसानमधला_मास्तर

ताईंनी कागदांचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे, मी एवढं नीट लिहू शकलो नसतो.

शाकाहाराचं इकडे पण तसंच, मासळीचं पाणी, नाम प्ला म्हणतात, ते सगळ्यात. पण शाकाहाराला थाईत शब्द काय आहे माहितीये का, "मांगसविरात". म्हणजे मांस-विरती! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बाजारात उभ्या उभ्या डोळ्यात पाणी आलं. प्राथमिकला "प्रथोम" म्हणतात आणि माध्यमिकला "मथ्थयोम", शिक्षकाला "ख्रू", तो आपला गुरूच. त्यांची ४४ व्यंजनं आहेत पण क्रम कखगघङ असाच सुरू होतो, आणि प आणि फ, त आणि थ यातला फरक गोऱ्या शिक्षकांना वर्षभर ऐकू येत नाही, आपल्याला पहिल्याच दिवशी येतो. सूर मात्र पाच आहेत, ते शिकायला जड जातात.

जूनमध्ये एका गुरुवारी वाय ख्रू असतो, मुलं रांगेने गुडघ्यावर येऊन शिक्षकाला फुलं देतात, आणि त्यात काय असतं तर दूर्वा आणि वांग्याची फुलं. दूर्वा म्हणजे ती हरळी जशी जमिनीवर पसरते तशी विद्या पसरावी, आणि वांग्याचं फूल फळ धरताना खाली वाकतं तसं नम्र राहावं. माझ्यापुढे सातवीतली एक पोरगी हात जोडून बसली, हातात दूर्वा, आणि मी बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातला माणूस, काय वाटलं ते सांगता येत नाही. ते २३ हजार त्या दिवशी टोचले नाहीत.

उगवता_जपान

जपान-कोरियाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात लिहितो, कारण माध्यमाचा प्रश्न तिथे खरा अडतो आणि तो आधी माहीत नसला तर पैसे वाया जातात. जपानच्या शाळांमध्ये शिकवायला जो इन्स्ट्रक्टर व्हिसा असतो, त्यात अट अशी आहे की जी भाषा शिकवणार त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. ताईंचं दहावी-बारावी मराठीतून, बीएचे इतिहास वगैरे विषय पण बहुतेक मराठीतूनच लिहिले असतील, म्हणजे एमए आणि बीएड मिळून चारच वर्षं होतात. माझ्या भाच्याचं असंच झालं, मुलाखत उत्तम झाली आणि शेवटी शाळेच्या बोनाफाईडवर माध्यम मराठी दिसलं तिथे थांबलं. मुलगा हुशार, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण नियम नियम आहे. जपान सरकारचा शाळांत परदेशी सहायक शिक्षक नेमणारा जेट प्रोग्रॅम १९८७ पासून चालू आहे, भारतीयांना पण अर्ज करता येतो, तो जपानच्या दूतावासामार्फत, पण आपल्याकडून जागा फार थोड्या.

कोरियाची ईपिक ही सरकारी शाळांत इंग्रजी शिक्षक नेमणारी योजना सात देशांच्या नागरिकांनाच घेते, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० पासून भारत-कोरिया करारात भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी सोय आहे, कागदावर, टीचिंग सर्टिफिकेट असेल तर सरकारी शाळेत सहायक म्हणून. पण प्रत्यक्षात त्या रस्त्याने गेलेला माणूस मला भेटलेला नाही. ताईंनी थायलंड किंवा व्हिएतनामवरच जोर लावावा.

वारणाकाठ_२९

हे वाचून वाईट वाटलं खरं पण आधी कळलं ते बरं झालं सर. मी बारावीला इंग्रजीत ८१ घेतले होते, घरात कुणी इंग्रजीचं पुस्तक उघडलं नव्हतं, त्यामुळे हे माध्यमाचं वाचून आतून हललं.

अजून एकच, डेमो लेसन मागतात म्हणे व्हिडिओ कॉलवर. तो कसा करायचा? मी बीएडला पाठ घेतलेत पण ते आपले हेतू, प्रस्तावना, विषय विवेचन या पद्धतीचे, आणि खरं सांगायचं तर वर्गात मी अर्धं मराठीत समजावते.

हायफाँगवाली

ती सवयच मोडायची आहे, बाकी तुला सगळं येतं. वर्गात एकाही मुलाला मराठी येत नाही असं समजून उद्यापासूनच पंधरा मिनिटं घे. भाषांतर बंद झालं की आपण काय करू शकतो ते कळतं.

मी माझा डेमो सांगते. विषय होता आय लाईक आणि आय डोन्ट लाईक. मी टेबलावर खऱ्या वस्तू ठेवल्या होत्या, टोमॅटो, कारलं, केळं, लिंबू. कारलं चावून तोंड वाकडं केलं, काही न बोलता. मग आय डोन्ट लाईक. समोर तीन व्हिएतनामी शिक्षिका मुलं म्हणून बसल्या होत्या, हसल्या, आणि त्यांना वाक्य न सांगता कळलं. मग मी म्हटलं, त्यांनी म्हटलं, मग दोघींनी एकमेकींना विचारलं. पंधरा मिनिटांत मी बोलले असेन चार मिनिटं. त्यांना हेच बघायचं असतं, मुलं किती बोलली. आणि समजलं का असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात, समजलं हे त्यांच्याकडून करवून घ्यायचं.

सेल्टाबद्दल कुणी विचारेल म्हणून, तो केंब्रिजचा १२० तासांचा कोर्स आहे आणि त्यात निदान ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना वरून कुणीतरी बघून दुरुस्त करतं, म्हणून त्याला मान आहे. महाग आहे. ऑनलाईन टीईएफएलमध्ये १२० तास लिहिलेलं असतं पण समोर मूल नसतं. बीएडच्या पाठांत तुझ्यासमोर मुलं होती. आत्ता सेल्टावर खर्च करू नकोस, दोन वर्षं कमावून मग वाटलं तर कर.

उच्चारांचं पण सांगते. आपण व्ही आणि डब्ल्यू एकच म्हणतो, व्हेरी वेल मधले दोन्ही व. आरशासमोर बसून व्हीला वरचे दात खालच्या ओठाला आणि डब्ल्यूला ओठ गोल, रोज दहा मिनिटं. शब्दात जोर कुठे द्यायचा ते डिक्शनरीत बघून म्हण. ॲक्सेंट बदलायला जाऊ नकोस, खोटा ॲक्सेंट लगेच कळतो. आणि आपले शब्द, प्रीपोन, पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज, गुड नेम, हे मुलाखतीत तोंडातून जाऊ देऊ नकोस.

इसानमधला_मास्तर

आणि मुलांचे उच्चार कुठे अडतात ते आधीच बोललात तर मुलाखतीत लगेच फरक पडतो. थाई मुलं शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळतात, राईस म्हणायचं तर राय, आणि र चा ल होतो, म्हणजे भात मागायला गेलं की काहीतरी भलतंच. मी एक कागदाची पट्टी तोंडासमोर धरतो, शेवटचा स नीट आला की ती हलते, आता चौथीतली मुलं स्वतःच पट्ट्या घेऊन येतात. व्हिएतनाममध्ये पण शेवटचा स जातो ना ताई?

हायफाँगवाली

जातोच. पट्टीची कल्पना उचलतेय सर, सोमवारीच करते.

वारणाकाठ_२९

सगळ्यांचे पाय धरावेत असं वाटतंय. कन्सल्टंटला आज नाही म्हणून कळवलं, त्याने लगेच ४० हजार कमी करतो म्हणून मेसेज टाकला, मी उत्तर दिलं नाही. डिग्री काढून बघितली तर माझी एमएची कॉन्व्होकेशन घेतलेलीच नाही, नुसती प्रोव्हिजनल आहे, त्यामुळे परवा कोल्हापूरला जाते. पासपोर्टवर नावात एक ए जास्त आहे, ते पण करावं लागेल. पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक रिटायर झालेत पण नवीन सर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे अनुभवाचं पत्र मागायला शनिवारी सकाळी जाणार, लेटरहेडवर.

इसानमधला_मास्तर

जावक क्रमांक टाकून घ्या. आणि तारखा वर्षनिहाय लिहायला सांगा, जून अमुक ते एप्रिल तमुक, आठवड्याचे तास किती आणि इयत्ता कोणत्या ते पण. इंग्रजीतच घ्या पत्र, नाहीतर भाषांतराचा वेगळा शिक्का लागेल. फेब्रुवारी लागली की इथे लिहा, आमच्या जिल्ह्यात जागा निघाल्या तर मी टाकतो.